ओळखीही जपाव्या लागतात

समाजमाध्यमांमुळे नाती उथळ होतात, असे प्रतिपादन एका लेखात वाचले; ते मला अर्धेच पटते. नोकरीची खबर पुष्कळदा जिवलगांपेक्षा क्वचित भेटणाऱ्या परिचितांकडून येते, हे समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच मांडले होते. अशा ओळखी टिकवणे फेसबुकने सोपे केले. गोव्यातल्या आमच्या डिचोलीकडची आखातात गेलेली मुले चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, घरी पोचू शकली नाहीत, तरी गावच्या व्हॉट्सॲप गटावर आरती पाहतात आणि जत्रेतल्या नाटकाची वर्गणीही न विसरता पाठवतात. मात्र संशोधक निकोल एलिसन व सहकाऱ्यांच्या २०१४ च्या अभ्यासात सामाजिक भांडवलाचा, म्हणजे ओळखींतून मिळणाऱ्या मदतीचा व माहितीचा, संबंध आढळला तो मित्रांच्या विचारण्याला उत्तर देणे, अभिनंदन वा सांत्वन करणे अशा कृतींशी. रोज सकाळी येणाऱ्या सुप्रभातच्या फुलांना मी तरी त्यांत धरणार नाही.