केबलवाल्या मॅडम

आभारप्रदर्शनात माझा नंबर माइकवाल्यांच्या नंतर आणि खुर्च्या लावणाऱ्यांच्या आधी लागला, त्याचं काही नाही. पण समन्वयकांनी "…आणि आपल्या केबलवाल्या मॅडम!" म्हणून टाळ्या मागितल्या आणि चाळीस शिक्षकांनी त्या अगदी मनापासून वाजवल्या, हे अजून घशाखाली उतरत नाही. विषय होता 'अध्यापनात तंत्रज्ञानाचा समावेश'. सहा तासांचं प्रशिक्षण मी दिलं. त्यातली केबल तेवढी लोकांच्या लक्षात राहिली.

तशी माझी पिशवी बघितली तर नाव अगदीच चुकीचं नाही. लॅपटॉपमधलं चित्र प्रोजेक्टरपर्यंत नेणारी पाच मीटरची एचडीएमआय केबल, एक्स्टेन्शन बोर्ड आणि दोन कन्व्हर्टर. या कन्व्हर्टरांबद्दल एक सांगून ठेवते, कारण निम्मी प्रशिक्षणं इथेच अडकतात. एचडीएमआयकडून व्हीजीएकडे, म्हणजे जुन्या पद्धतीच्या जोडणीकडे जाणारं आणि व्हीजीएकडून एचडीएमआयकडे येणारं, ही दोन्ही दिसायला जुळी भावंडं. पण रस्ता एकेरी. उलटं आणलंत तर पडदा निळाच राहतो आणि दोष लॅपटॉपला जातो. टाइप-सीचंही तेच. भोक तसं आहे म्हणून त्यातून चित्र बाहेर येईलच असं नाही. काही लॅपटॉपांत ते फक्त चार्जिंग आणि फाइलींपुरतं असतं. हे आदल्या दिवशी तपासायचं. मी तपासलं होतं. मला रिमोट तपासायचं सुचलं नाही.

प्रोजेक्टर छताला, दहाएक फुटांवर. हॉलची जबाबदारी एका मामांकडे.

"मामा, रिमोट?"

"आहे की."

"द्या ना."

"कपाटात आहे. किल्ली हापिसात."

किल्ली बारा मिनिटांनी आली. रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत, वर दोन रबरबँड, बारशाला आणल्यासारखा गुंडाळलेला. उघडला तर पोट रिकामं.

"मामा, सेल?"

मामांनी शांतपणे भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. "एक तिथं हाय."

"आणि दुसरा?"

"दुसरा संपला. एकट्यावर रिमोट चालत न्हाई. मग पडून राहण्यापरीस लावला घड्याळाला."

यात चूक काढायला जागा नव्हती. मी म्हणाले, "मग आता तो काढू या."

"घड्याळ बंद पडंल ना, मॅडम."

"पडू दे की थोडा वेळ."

"तसं नसतंय." मामांनी मला समजावून सांगितलं, आणि अख्ख्या दिवसातलं सगळ्यात स्पष्ट प्रशिक्षण तेच होतं. "घड्याळ बंद दिसलं की मला विचारत्यात. प्रोजेक्टर बंद दिसला तर तुम्हाला विचारतील."

शेवटी उपाय मामांनीच काढला: पडदा सरकवायची काठी. छताला उलटा टांगलेल्या प्रोजेक्टरची बटणं जमिनीकडे तोंड करून असतात, त्यामुळे कल्पना वाईट नव्हती. पण काठी माझ्या हातात द्यायला ते तयार होईनात. 'सोर्स' (चित्र कुठल्या केबलीतून घ्यायचं ते) आणि 'पॉवर' ही बटणं शेजारीशेजारी. पहिल्यांदा पॉवर दाबलं, प्रोजेक्टर उजळला, निळा पडदा आला, चाळीस शिक्षकांनी "आऽऽ" केलं. मग सोर्स दाबायला काठी वर गेली आणि पुन्हा पॉवरवरच टेकली, एकदा नव्हे, दोनदा. पडदा काळा आणि पंखा मोठ्यानं सुरू. दिव्याच्या प्रोजेक्टरला एकदा विझवलं की लगेच पेटवता येत नाही. दिवा गार होईपर्यंत तो ऐकतच नाही. त्या वेळात मेन स्विच बंद करणं तर सगळ्यात वाईट, कारण पंखाही थांबतो आणि उष्णता दिव्यातच कोंडते. मामा नेमके मेन स्विचकडे निघाले होते. मी आडवी गेले.

"काल चालत होता," मामा म्हणाले.

हे वाक्य मी प्रत्येक हॉलमध्ये ऐकते. काल सगळं चालत असतं. त्या कालच्या दिवशी हॉलमध्ये कोण होतं, काय दाखवत होतं, हे कधीच कळत नाही. कुठेतरी एक अखंड 'काल' आहे आणि त्यात सगळे प्रोजेक्टर पहिल्या फटक्यात लागतात.

तिसऱ्या रांगेतल्या एका बाईंनी आपल्या वायरलेस माउसमधला सेल काढून दिला. मग, पाचच्या आत परत करायच्या बोलीवर, घड्याळातलाही मिळाला. घड्याळ दहा चाळीसवर थांबलं. आता एचडीएमआय एक की दोन, मग विंडोजचं बटण आणि पी एकदम दाबून 'डुप्लिकेट', मग चित्र आलं आणि आवाज छतावरून येऊ लागला. तेही साहजिक आहे. एचडीएमआय जोडली की लॅपटॉप आपला आवाजही बऱ्याचदा प्रोजेक्टरलाच देऊन टाकतो आणि प्रोजेक्टरचा स्पीकर डबीएवढा. खाली उजवीकडे स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आवाज कुठून हवा ते निवडावं लागतं. ही माझ्या ज्ञानाची शिखरं. टाळ्या यालाच मिळाल्या.

आता जरा चिडून बोलते. माझी चाळीस मिनिटं गेली तर वेळापत्रक कोलमडतं, बस. शिक्षकाचा तासच पस्तीस-चाळीस मिनिटांचा असतो. त्यातली बारा केबलीत गेली, तर तेवढा वेळ वर्ग काय करतो हे वर्गात उभं राहिलेल्यालाच माहीत. तरी अहवालात दर वेळी एक वाक्य असतं: 'शिक्षकांमध्ये तंत्रज्ञानाविषयी भीती आढळली.' भीती कसली? हिशेब आहे तो. खडू पहिल्या सेकंदाला लागतो.

आणि शाळेत तंत्रज्ञान आणायची ही घाई आजची नाही. १९१३ साली थॉमस एडिसननं मुलाखतीत सांगून टाकलं होतं की शाळांतली पुस्तकं लवकरच कालबाह्य होतील, चलच्चित्रांतून सगळं शिकवता येईल आणि दहा वर्षांत शाळा पार बदलून जाईल. त्याच्या मुलाखतीच्या वेळी रिमोट कपाटात नव्हता, एवढंच.

दुपारच्या सत्रात तीन वर्तुळांची स्लाइड: विषय, शिकवणं आणि तंत्रज्ञान. ती दाखवल्याशिवाय आमच्या धंद्यात कोणाला सोडत नाहीत. शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये म्हटलं की विषय येणं वेगळं, शिकवता येणं वेगळं आणि 'हा विषय कसा शिकवायचा' हे कळणं, जिथे ही दोन वर्तुळं एकमेकांवर येतात, ते तिसरंच. २००६ मध्ये पुण्या मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर या संशोधकांनी त्यात तंत्रज्ञानाचं वर्तुळ जोडलं. मुद्दा होता तिन्ही वर्तुळं एकमेकांवर येतात त्या मधल्या तुकड्याचा. पण प्रशिक्षणाला बोलावतात ते तिसऱ्या वर्तुळासाठी, तेही बटणांपुरतं. चंद्राच्या कलांना ॲनिमेशन लावा, सोनं होतं. कारण पृथ्वीच्या बाहेर उभं राहून बघायची सोय एरवी नाही. दीर्घ भागाकार मात्र स्लाइडवर टाकला की मेला. तिथे प्रत्येक अंक हात लिहितो त्या वेगानंच यायला हवा, मध्ये थांबून "आता काय उतरवायचं?" विचारता यायला हवं. हे मी सांगत होते तेव्हा एका सरांनी हात वर केला. मला वाटलं, चला, कोणीतरी ऐकतंय. ते म्हणाले, "मॅडम, मघाचं ते विंडोज आणि पी परत सांगता?"

मग ऑनलाइन चाचणी. वाय-फायचा घरगुती राउटर एक, मोबाइल चाळीस. २.४ गिगाहर्ट्‌झवर एकमेकांच्या पायात न येणारे चॅनेल मुळात तीनच, १, ६ आणि ११, आणि सगळे एकाच राउटरवर बसले की आहे ती बँडविड्थ वाटून घ्यायची. त्यात ज्यांचं खातं नाही त्यांचं खातं तिथेच उघडायचं. ओटीपी गेला मुलाच्या मोबाइलवर, मुलगा कॉलेजात आणि ओटीपीचं आयुष्य काही मिनिटांचं. खाती आठवडाभर आधी उघडून घ्या, व्हिडिओ डाउनलोड करून आणा, चौघांत एक मोबाइल ठेवा, हे मी पत्रात लिहिलं होतं. पत्र फायलीत लागलं होतं. एका सरांनी आपला पाठ आणला होता तोही जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये; माझ्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नाही, त्यामुळे 'प्रकाशसंश्लेषण' शिव्यांसारखं दिसायला लागलं. कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या युनिकोडमध्ये टाइप करा, नाहीतर निदान फॉन्टसकट पीडीएफ करून आणा.

शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा अभ्यास करणाऱ्या ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० मध्येच मांडलं होतं की सांगून आणि दाखवून भागत नाही. सराव हवा, त्यावर कोणी बोलायला हवं आणि नंतर वर्गात सोबत हवी. माझं मागणं त्याहून लहान आहे. एकच साधन घ्या. प्रत्येकानं स्वतःचा पाठ आणावा, दहा मिनिटं शिकवावा आणि मध्येच मी मुद्दाम वीज घालवीन. पुढे कसं न्यायचं ते तिथेच ठरवायचं. तीन आठवड्यांनी पुन्हा भेटू. यावर समन्वयक म्हणाले, "वीज घालवायला वेगळी परवानगी लागेल."

पाचला पाच मिनिटं कमी असताना मामा सेल मागायला हजर. मी प्रोजेक्टर बंद करायला घेतला. बहुतेक प्रोजेक्टर 'खरंच बंद करू?' विचारतात आणि पॉवर दुसऱ्यांदा दाबल्यावरच बंद होतात. मी एकदा दाबलं. दुसऱ्यांदा दाबायच्या आत मामांनी रिमोट हातातून घेऊन सेल काढला होता. पडद्यावरचा प्रश्न थोडा वेळ थांबला आणि निघून गेला. मागे माझी शेवटची स्लाइड राहिली, 'शंका?' तिच्याखाली आभारप्रदर्शन झालं. टाळ्या झाल्या. मामांनी घड्याळ भिंतीवर लावलं, ते दहा चाळीसपासून पुढे चालू लागलं आणि मी पडद्याची काठी शोधायला लागले.