‘पुढे ४८, मागे १४’: मुलांच्या बीएमएक्सला हा गिअर लावू नका

इंदूरच्या मराठी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: बीएमएक्स रेसच्या (उड्या आणि वळणांच्या मातीच्या ट्रॅकवरच्या छोट्या शर्यतीच्या) सायकलला पुढे ४८ आणि मागे १४ दाते लावा, ऑलिंपिकवाले मोठाच गिअर लावतात, सुपर कॉरिडॉरच्या रस्त्यावर वेग वाढलेला दिसतो, जड गिअरने पाय घडतात, आणि चेन कुठलीही चालते. माझ्या ११ वर्षांच्या भाचीसाठी ४८ दात्यांचं चेनव्हील (पायडलांजवळची दातेरी चकती) मागवूनही झालं! म्हणून हे लिहितेय.

आधी हिशोब. पुढचे दाते भागिले मागचे दाते, गुणिले चाकाचा व्यास इंचांत; आकडा जितका मोठा, तितका गिअर जड. मोठ्यांच्या २० इंची रेस सायकलींवर सर्रास दिसणारा ४४/१६ म्हणजे ५५. ४८/१४ म्हणजे साडेअडुसष्ट. गिअर सरळ पाव पटीने जड झाला, तोही मोठ्या माणसाच्या नव्हे, लहान मुलीच्या पायाखाली. मुलांच्या सायकलींचे क्रँक (पायडलांचे दांडे) आखूड असतात, त्यामुळे तोच गिअर त्यांना आणखी जड लागतो. बीएमएक्सला चालवताना गिअर बदलता येत नाही. थांबलेल्या सायकलवरून गेट (चाकांपुढचा अडसर) पडताच सुटायचं, आणि पहिल्या उडीपर्यंत मोजकीच पायडलं मिळतात. पहिलंच पायडल अर्ध्यात अडकलं, तर बाकीचे पुढे निघून जातात आणि पहिल्या वळणावर तुमचं मूल घोळक्याच्या मागे असतं. पुढे उड्यांच्या मधल्या एक-दोन पायडलांत ते अंतर भरून निघत नाही. शिवाय दरवेळी गेटवरून सुटताना सगळा जोर गुडघ्यावर येतो तो वेगळाच.

ऑलिंपिकचं म्हणाल, तर तिथली सुरुवातीची टेकडी ८ मीटरच्या आसपास असते. उतारच वेग देतो, आणि खेळाडू वर्षानुवर्षं ताकद कमावलेले असतात. मुलांच्या ट्रॅकची टेकडी कितीतरी बुटकी असते.

सुपर कॉरिडॉरवर वेग वाढतो, हे मान्य. सपाट, लांब रस्त्यावर मोठा गिअर शेवटी जास्त पळतोच. रेसचा ट्रॅक तसा नसतो.

पाय घडवायचे तर त्यासाठी वेगळा व्यायाम आहे, रेसचा गिअर नव्हे.

चेनचा मुद्दा मात्र निव्वळ चुकीचा आहे. ३/३२ इंच रुंदीची चेन १/८ इंचाच्या जाड दात्यांवर बसतच नाही. आणि १४ चं फ्रीव्हील (मागची दातेरी चकती) साध्या हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, आट्यांवर चढत नाही, त्याला ३० मिमी आट्यांचा हब लागतो. लहान फ्रेमवर ४८ चं चेनव्हील चेनस्टेला (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या खालच्या नळीला) घासूही शकतं. बसवण्याआधी तपासा.

मग करायचं काय? मागचे १६ तसेच ठेवा आणि पुढचं चेनव्हील एकेका दात्याने बदला. पुढचा एक दाता म्हणजे सव्वादोन टक्क्यांच्या आसपास फरक. मागचा एक दाता म्हणजे जवळपास पुढच्या तीन दात्यांएवढा, म्हणून त्याला हात शेवटी. मुलांसाठी ४१ किंवा ४२ पासून सुरुवात करा. गेटपासून पहिल्या उडीपर्यंतची वेळ प्रत्येक चेनव्हीलवर अनेकदा मोजा. पहिल्या वळणाआधीच पाय भिरभिरू लागले तर एक दाता वाढवा, गेटवर सायकल रेंगाळली तर एक कमी करा. टायर बदलला तर तुलना पुन्हा करा: टायरवर खडूची खूण करून क्रँकची एक पूर्ण फेरी द्या आणि सायकल किती पुढे गेली ते टेपने मोजा.

एक दाता बदलला की मागचा एक्सल (चाकाचा आस) सुमारे ३ मिमी सरकतो. चेनची ढील मधोमध १० मिमीच्या आसपास राहील असं बघा आणि दोन्ही बाजूंचे नट घट्ट करा, कारण एक बाजू सैल राहिली तर गेटवरच्या जोराने चाक तिरकं होऊन चेन उतरते.