चोचले म्हणालात म्हणून

'मातीतला माणूस' या नावानं मागच्या लेखावर आलेली प्रतिक्रिया मी चार दिवस तशीच पडू दिली होती. उत्तर द्यायचं नाही असंच ठरवलं होतं. पण काल भाच्यानं ती दुकानात उभं राहून मोठ्यानं वाचली आणि गिऱ्हाइकासमोर हसला. मग म्हटलं, आता लिहावंच.

लेख न वाचलेल्यांसाठी एवढंच: व्यायामाचंही व्यसन लागतं, आणि पाय मोडला, जिम बंद पडली, घरात कार्य निघालं की अशा माणसाची झोप उडते, तो घरच्यांवर खेकसतो, आतून खचतो, असं मी लिहिलं होतं. त्यावर यांचं म्हणणं: "हे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत, साहेब. आमच्याकडं पेरणी लांबली म्हणून कुणाला डिप्रेशन येत नाही." पुढं आणखी पाच मुद्दे आहेत. येतो त्यांच्याकडं. आधी हे वाक्य.

पहिलं म्हणजे 'साहेब' कुणाला? परभणीत माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे, जूनमध्ये चालतं आणि बाकी वर्षभर माशा मारतं. तुम्ही मला तोंडावर साहेब म्हणाला असतात तर मी चहा पाजला असता. लिहून म्हणालात, त्यात मागं एक हसू आहे, ते मला दिसतं. वयानं मोठे असाल तर नमस्कार करतो. लहान असाल तर जरा सांभाळून लिहीत जा.

आता पोट भरलेलं असण्याबद्दल. माझे अण्णा 72 च्या दुष्काळात रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायचे. घरात सुकडी शिजायची, तीही मोजून. दिवसभर हातोडा मारून हा माणूस संध्याकाळी गावच्या तालमीत पाचशे बैठका काढायचा. आजी ओरडायची, "खायला नाही अन् बैठका कामून काढायलास?" त्यांच्याकडं उत्तर नसायचं. पुढं जत्रेतल्या एका नारळाच्या कुस्तीत खांदा निखळला. हाडवैद्यानं तीन महिने तालमीत पाऊल टाकायचं नाही म्हणून बजावलं. त्या तीन महिन्यांत अण्णांनी दोनदा ताट भिरकावलं, रात्र रात्र गोठ्यात बसून काढली, आणि एकदा भरल्या घरात हुंदके देऊन रडले. आजीनं दृष्ट काढली. कुणीतरी बाहेरची बाधा म्हणालं. डिप्रेशन हा शब्द गावात पोचला नव्हता, म्हणून ते तिथं नव्हतं असं तुम्हाला म्हणायचं आहे का? की अण्णांचे ते चोचले होते?

आणि पेरणीचं उदाहरण! मराठवाड्यात बसून तुम्ही हे वाक्य लिहिलंत? इथं पाऊस दडी मारतो, दुबार पेरणी अंगावर येते आणि कुणाच्या घरातला माणूस शेताकडं जातो तो परत येत नाही. हे मी तुम्हाला सांगायचं? तुम्हाला तसं म्हणायचं नव्हतं, हे मला कळतं. व्यायाम चुकणं आणि पेरणी चुकणं एक नाही, हेही कळतं. पण उदाहरण तुम्ही आणलंत. मी नाही.

माझंही सांगतो, एरवी सांगितलं नसतं. 2018 मध्ये अण्णा गेले. गंगाखेडला गोदावरीच्या घाटावर दहावा होता. सकाळी सातला सगळे जमले, न्हावी वस्तरा पाजळून बसला, गुरुजी तयार, आणि थोरला मुलगा गायब. मी पात्राच्या कडेच्या रस्त्यानं धावत होतो. दहा किलोमीटर झाल्याशिवाय परत फिरता येईना. येईना म्हणजे पाय वळेनातच. परत आलो तेव्हा काका नुसतं एवढंच म्हणाले, "झालं का?" आजही भावकीत लग्नाला गेलो की कुणीतरी तो विषय काढतंच. मला जे झालं होतं त्याला चोचले हा शब्द पुरत नाही. त्याच्याहून वाईट काहीतरी म्हणा, चालेल.

पुढं 2020 च्या मार्चमध्ये जिम बंद झाल्या, त्या उघडल्या थेट 25 ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी. मधले सात महिने मी गच्चीचा जिना चढ-उतार करत होतो, रात्री अकरालासुद्धा. पोरीनं एकदा मध्येच हाक मारली तर तिच्यावर असा ओरडलो की ती आठवडाभर बोलली नाही.

हे परभणीतल्या एका दुकानदाराचं खूळ नव्हे. 1970 मध्ये बेकलँड या अमेरिकी संशोधकानं व्यायाम थांबवल्यावर झोपेचं काय होतं ते तपासायचं ठरवलं. आठवड्यातले पाच-सहा दिवस व्यायाम करणारी माणसं त्याला मिळेनात. पैसे वाढवून देतो म्हणाला तरी महिनाभर थांबायला कुणी तयार होईना. शेवटी आठवड्यातून तीन-चारदा करणाऱ्यांवर त्यानं भागवलं, तर त्यांचीही झोप बिघडली आणि जिवाची घालमेल वाढली. मला यातले ते नकार देणारेच जास्त ओळखीचे वाटतात. पैसे घेऊनसुद्धा दारू न सोडणारा माणूस आपण प्रत्येक गल्लीत पाहिलेला आहे.

तुमचा एक मुद्दा मात्र मान्य. धावल्यावर येणारी धुंदी एंडॉर्फिन या शरीरातल्या वेदना दडपणाऱ्या रसायनामुळंच येते असं मी ठोकून दिलं होतं. रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूत सहजासहजी शिरत नाही, आणि आता शरीरातच तयार होणाऱ्या, गांजातल्या द्रव्याशी नातं सांगणाऱ्या रसायनांकडं बोट दाखवलं जातं. लेखात दुरुस्ती केली आहे. बघा, चूक असली की मी मानतो.

राहिलेलं थोडक्यात. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या 2013 च्या यादीत व्यायामाचं व्यसन नाही, वागण्याच्या व्यसनांत तिथं जुगार तेवढा आहे, असं तुम्ही म्हणता. बरोबर आहे. मग? यादीत नाव नसलं म्हणून काकांचं ते 'झालं का?' पुसलं जाणार आहे का?

पोलीस भरतीची पोरं असलं वाचून घाबरतील, सोळाशे मीटरची तयारी सोडतील, हे तर काहीच्या काही. पहाटे चारला वसमत रोडवर धावणारी पोरं माझा ब्लॉग वाचत नाहीत. वाचत असती तर मला आनंदच झाला असता.

कुणाला नेमकं व्यसन आणि कुणाला नुसती शिस्त, हे कुठं सांगितलंय, असंही विचारलंत. 2004 ची सहा वाक्यांची एक प्रश्नावली आहे, प्रत्येकी पाच गुण, तीसपैकी चोवीस किंवा वर गेलात तर जपा. ती मूळ लेखात होती. तिथपर्यंत तुम्ही पोचला नसाल.

शेवटचं, "स्वतः अजून रोज पहाटेचे फोटो टाकता." ते फोटो चालण्याचे आहेत, धावण्याचे नाहीत. कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर, चार मित्रांसोबत, पाच किलोमीटर. परवा आठ झाले, ते बोलण्याच्या नादात. आणि रविवारी पाऊस असूनही गेलो, कारण मित्र येणार होते. ते आले नाहीत हा भाग वेगळा.