‘प्रीएम्प्ट’ला मराठी शब्द नाही, म्हणून कोकणी माणूस आळशी?

सध्या कोकणातल्या गावागावांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरतो आहे. इंग्रजीतल्या ‘प्रीएम्प्ट’चा अर्थ टाळणे, मराठीत त्याला शब्द नाही, कारण आपल्याला आधी हालचाल करायची सवयच नाही, कोकणी माणूस तर पाऊस डोक्यावर आला की मग छप्पर बघतो. यातले एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही, आणि शेवटचे तर अपमानकारक आहे.

आधी अर्थ. वादळाच्या दिवशी घराबाहेर न पडणे, हे टाळणे. घरावर झुकलेली फांदी वादळाआधीच तोडून टाकणे, म्हणजे तिला पडायला वावच न ठेवणे, हे प्रीएम्प्ट. इतरांआधी हक्क मिळवणे हाही त्याचा अर्थ, आणि तो जुना आहे. अमेरिकेत १८४१च्या कायद्याने, सरकारी जमिनीवर आधीच वस्ती केलेल्यांना १६० एकरांपर्यंत जमीन लिलावाआधी विकत घेता येई. त्या हक्काचे नाव प्रीएम्प्शन. क्रियापद या नामावरूनच मागाहून पाडले गेले.

मराठीत एकच असा शब्द नाही, हे खरे. मराठी हे काम ‘आधीच’ आणि सहायक क्रियापद यांच्यावर सोपवते, आणि मला ते अधिक नेमके वाटते. संकटाला जागाच ठेवायची नसेल तर टाकणे: आक्षेप आधीच खोडून टाकला. दुसऱ्याआधी आपले साधायचे असेल तर घेणे: सामायिक जमीन आधीच नावावर करून घेतली. सरपण भरून ठेवणे मात्र प्रीएम्प्ट नव्हे, ती बेगमी. भाषांतर करणाऱ्यांनी इथे जपावे.

राहिला छपराचा आरोप. पावसाच्या तोंडावरच्या दिवसांना कोकणात ‘आगोट’ म्हणतात. कौले परतायची, पडवीला झापे बांधायची, सुकी मासळी भरायची, होड्या वर ओढून शाकारायच्या, ही सगळी आगोटीची कामे. मासेमारीबंदीचा सरकारी नियम १ जूनपासून लागतो. होड्या शाकारण्याची रीत त्या नियमाहून कितीतरी जुनी आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, पण किनाऱ्यालगतच्या हजारो माणसांना त्याआधीच हलवलेले होते.

मजकूर पुढे पाठवायचाच असेल, तर निदान कोकणी माणसाबद्दलचे ते वाक्य काढून पाठवा.