चोरून लग्नं लावणारा धर्मगुरू आला कुठून?

फेब्रुवारी लागला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर हमखास फिरतो. थोडक्यात तो असा: "तिसऱ्या शतकात रोमचा सम्राट क्लॉडियस दुसरा याने सैनिकांच्या लग्नावर बंदी घातली, कारण बायकापोरं मागे नसलेला शिपाई जीव तोडून लढतो. व्हॅलेंटाइन नावाच्या धर्मगुरूने ती बंदी झुगारून जोडप्यांची चोरून लग्नं लावली. तो पकडला गेला. तुरुंगात त्याने जेलरच्या आंधळ्या मुलीला दृष्टी दिली, तिच्यावर त्याचं प्रेम जडलं आणि 14 फेब्रुवारी 269 ला फासावर जाण्याआधी त्याने तिला 'तुझा व्हॅलेंटाइन' अशी सही करून चिठ्ठी लिहिली. पुढे 496 मध्ये पोप गेलासियसने लुपर्कालिया हा रोमन सण बंद करून त्या जागी हा दिवस आणला."

आपल्याकडे याची आणखी एक आवृत्ती चालते. तिच्यात म्हटलेलं असतं की त्या काळी युरोपात लग्नाची पद्धतच नव्हती, ती व्हॅलेंटाइनने सुरू केली आणि म्हणून त्याला फाशी झाली. या आवृत्तीच्या शेवटी बहुतेक वेळा भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांच्याबद्दल एक ओळ जोडलेली असते. तिच्याकडे शेवटी येतो.

हा दिवस साजरा करणारे आणि त्याला विरोध करणारे, दोघेही हीच गोष्ट खरी धरून बोलतात. साजरा करावा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पण या गोष्टीतला प्रेमाचा जवळजवळ प्रत्येक धागा व्हॅलेंटाइनच्या मृत्यूनंतर हजार वर्षांनी किंवा त्याहूनही उशिरा विणला गेला आहे. हा दिवस प्रेमाचा झाला तो कवींमुळे, आणि त्याचा पुरावा कागदावर आहे. तो पुरावा बाजूला पडतो आणि रचलेली गोष्ट दरवर्षी फिरते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

"युरोपात लग्नच नव्हतं" हे आधी निकालात काढू, कारण वस्तुस्थिती याच्या बरोबर उलट आहे. रोमन राज्यात लग्न न करणं महागात पडायचं. सम्राट ऑगस्टसने ख्रिस्तपूर्व 18 मध्ये केलेल्या कायद्यानुसार 25 ते 60 वयाचा पुरुष आणि 20 ते 50 वयाची स्त्री अविवाहित राहिली तर जवळच्या नात्याबाहेरच्या कुणी मृत्युपत्राने ठेवलेली मालमत्ता त्यांना घेता येत नसे. मुलंबाळं असलेल्यांना सरकारी पदांसाठी प्राधान्य मिळे. हे दंड सम्राट कॉन्स्टंटाइनने 320 मध्ये उठवले. म्हणजे क्लॉडियसच्या काळात कायदा माणसाला लग्नाकडे ढकलत होता.

आता सैनिकांची बंदी. इथे थोडं थांबायला हवं, कारण या दाव्याच्या तळाशी एक खरी गोष्ट आहे. रोमन सैन्यात अशी बंदी खरोखरच होती, मात्र ती क्लॉडियस दुसऱ्याने घातलेली नव्हती. ती साधारण ऑगस्टसच्या काळापासून चालत आलेली होती. नोकरीत असलेल्या शिपायाला कायदेशीर लग्न करता येत नसे. प्रत्यक्षात छावण्यांच्या आसपास त्यांचे संसार असायचेच आणि अधिकारी तिकडे काणाडोळा करायचे. परप्रांतीय पलटणींतल्या शिपायाला निवृत्तीच्या वेळी कांस्याचा कोरीव पत्रा मिळे. त्यावर त्याला नागरिकत्व दिल्याची आणि त्याचा संसार कायदेशीर मानल्याची नोंद असे. असे कितीतरी पत्रे युरोपभर जमिनीतून निघालेले आहेत. पुढे सेप्टिमियस सेव्हेरस या सम्राटाने 197 च्या सुमारास शिपायांना बायकोसोबत राहण्याची मुभा दिली. क्लॉडियस दुसरा गादीवर आला 268 मध्ये, म्हणजे त्यानंतर सत्तर वर्षांनी. त्याने ही बंदी पुन्हा घातली असं सांगणारा एकही कायदा, शिलालेख किंवा त्या काळातल्या इतिहासकाराचा उल्लेख नाही.

त्याची कारकीर्दही पाहा. जेमतेम दोन वर्षं तो सम्राट होता आणि त्यातला बहुतेक वेळ घोड्यावर गेला. आधी उत्तर इटलीत गार्डा सरोवराजवळ अलेमानी टोळ्यांशी लढाई झाली, मग आजच्या सर्बियातल्या निश शहराजवळ गॉथ लोकांशी. 270 मध्ये सर्बियातच सिर्मियम इथे तो साथीच्या रोगाने मेला. ख्रिस्ती लोकांचा साम्राज्यभर छळ झाला तो 250 मध्ये डेसियसच्या आणि 257 नंतर व्हॅलेरियनच्या काळात. 260 मध्ये गॅलिएनसने तो थांबवला आणि त्यानंतर 303 मध्ये डायोक्लेशियनने पुन्हा सुरू करेपर्यंत चर्चला चाळीसेक वर्षं बरीचशी शांतता मिळाली. क्लॉडियसची कारकीर्द नेमकी या शांत काळात येते. त्यामुळे सम्राटाने स्वतः व्हॅलेंटाइनची चौकशी केली, या प्रसंगाबद्दलही इतिहासकार साशंक आहेत.

मग व्हॅलेंटाइन होऊन गेला की नाही? त्या नावाचा माणूस रोमच्या उत्तरेला व्हिया फ्लामिनिया या रस्त्यालगत पुरला गेला होता आणि चौथ्या शतकात पोप ज्युलियस पहिला याने तिथे चर्च बांधलं, इथपर्यंत जमीन पक्की आहे. त्यापुढे सगळं निसरडं होतं. जुन्या याद्यांमध्ये 14 फेब्रुवारीला या नावाचे हुतात्मे एकाहून जास्त आहेत: एक रोमचा धर्मगुरू, एक तेर्नी या गावचा बिशप आणि एक आफ्रिकेतला. रोमचा आणि तेर्नीचा मुळात एकच असावा, असंही काही अभ्यासक मानतात.

त्यांच्या कथा लिहिल्या गेल्या त्या मृत्यूनंतर दोन-तीनशे वर्षांनी. रोमच्या धर्मगुरूच्या कथेत क्लॉडियस त्याच्याशी बोलतो, थोडा प्रभावित होतो, मग त्याला अस्टेरियस नावाच्या अधिकाऱ्याच्या हवाली करतो. अस्टेरियसची दत्तक मुलगी आंधळी असते. व्हॅलेंटाइन प्रार्थना करतो, तिला दिसू लागतं आणि सगळं घर बाप्तिस्मा घेतं. मग व्हॅलेंटाइनचा शिरच्छेद होतो. तेर्नीच्या बिशपच्या कथेत तो क्रातोन नावाच्या विद्वानाच्या आजारी मुलाला बरा करतो, काही विद्यार्थी ख्रिस्ती होतात आणि त्याचंही डोकं उडवलं जातं. संपल्या कथा. दोन्हींत एकही लग्न नाही, एकही प्रेमी जोडपं नाही. आंधळी मुलगी आहे, पण तिला चिठ्ठी नाही आणि प्रेमही नाही. 13व्या शतकात जेकोबस दि व्होराजिने याने संतांच्या कथांचा मोठा संग्रह केला, मध्ययुगीन युरोपात तो घरोघर वाचला गेला. त्यातल्या व्हॅलेंटाइनच्या छोट्याशा प्रकरणातही लग्न आणि चिठ्ठी सापडत नाही. फाशी तर कुठेच नाही. हुतात्म्याच्या मृत्यूचं वर्षही प्रत्येक ठिकाणी वेगळं आहे.

त्या लेखकांना सांगायचं होतं श्रद्धेबद्दल. जीव जाईल हे दिसत असतानाही एक माणूस आपला देव नाकारत नाही, हा त्या कथांचा गाभा आहे. त्याच्यावर प्रेमप्रकरण चिकटवलं की तो गाभाच निघून जातो. कॅथलिक चर्चने स्वतः याबाबत जास्त सचोटी दाखवली आहे. 1969 मध्ये पंचांगाची फेररचना करताना व्हॅलेंटाइनचा दिवस सार्वत्रिक यादीतून काढला गेला. कारण सरळ दिलं होतं: नाव आणि दफनाची जागा यापलीकडे काही कळत नाही. हुतात्म्यांच्या यादीत त्याचं नाव आजही आहे, फक्त जगभरच्या चर्चसाठी तो सण राहिला नाही. 14 फेब्रुवारीला आता सिरिल आणि मेथोडियस या दोन संतांचं स्मरण होतं.

लुपर्कालियाचा दावा शिकलेल्या लोकांनाही पटतो, कारण तारखा जवळजवळ आहेत. लुपर्कालिया 15 फेब्रुवारीला असे. पॅलाटाइन टेकडीवरच्या गुहेपाशी बोकड आणि कुत्र्याचा बळी दिला जाई, मग तरुण पुजारी अंगावर जवळजवळ काही न घालता चामड्याचे पट्टे घेऊन धावत. वाटेतल्या स्त्रिया आपणहून हात पुढे करत, त्या फटक्याने बाळंतपण सुखरूप होतं या समजुतीने. हे प्लूटार्कने लिहून ठेवलं आहे. ख्रिस्तपूर्व 44 मध्ये याच सणात मार्क अँटनीने ज्युलियस सीझरपुढे मुकुट धरला होता. मुलींच्या नावांच्या चिठ्ठ्या मडक्यात टाकून जोड्या लावत, असं जे सांगतात, ते कोणत्याही रोमन लेखकाकडे नाही. ते 18व्या शतकात आल्बन बटलर या इंग्रज धर्मगुरूच्या संतचरित्रात येतं आणि तिथून पुढे उतरवलं जातं.

गेलासियसने लुपर्कालियाविरुद्ध लिहिलं हे खरं आहे. अँड्रोमाकस नावाच्या रोमन उमरावाला लिहिलेलं त्याचं लांबलचक पत्र उपलब्ध आहे. त्यात तो सुनावतो की या सणावर तुमची एवढी श्रद्धा असेल तर भाड्याची माणसं कशाला धावायला लावता, पूर्वजांसारखे स्वतः उघडे धावा. या पत्रात व्हॅलेंटाइनचं नाव नाही आणि लुपर्कालियाच्या जागी प्रेमाचा दिवस आणतो असंही नाही. शिवाय, तसं झालं असतं तर पुढची नऊशे वर्षं कुठेतरी या संताचा प्रेमाशी संबंध आलाच असता. कीर्तनांत, पत्रांत, गाण्यांत, कुठेही तो आलेला नाही.

तो येतो 1380 च्या दशकात, इंग्लंडमध्ये. जेफ्री चॉसरने 'पार्लमेंट ऑफ फाऊल्स' ही कविता लिहिली. कवीला स्वप्नात बाग दिसते, निसर्गदेवता बसलेली असते आणि तिच्यापुढे पक्ष्यांची सभा भरलेली असते, कारण तो संत व्हॅलेंटाइनचा दिवस असतो आणि त्या दिवशी प्रत्येक पक्षी आपला जोडीदार निवडतो. तीन गरुड एकाच मादीसाठी भांडतात, बदकं आणि कोकिळा मध्येच तोंड घालतात, शेवटी मादी एक वर्षाची मुदत मागते आणि देवता ती देते. निर्णय तिचा. राजा रिचर्ड दुसरा आणि बोहेमियाची अ‍ॅन यांच्या 1382 मधल्या विवाहाशी अनेक अभ्यासक ही कविता जोडतात. जॅक ओरुक या अमेरिकन अभ्यासकाने 1981 मध्ये दाखवून दिलं की चॉसरच्या आधी व्हॅलेंटाइन आणि प्रेम यांना जोडणारा पुरावा मिळत नाही. चॉसरचा समकालीन ओतों द ग्रांसों यानेही व्हॅलेंटाइनवर प्रेमकविता केल्या, त्यामुळे पहिला कोण यावर वाद आहे. पण दोघेही कवी, दोघेही एकाच पिढीतले.

शंभर वर्षांत ही कल्पना कवितेतून घरात शिरली. 1477 च्या फेब्रुवारीत नॉरफोकमधल्या एलिझाबेथ ब्रूज या बाईने आपल्या होऊ घातलेल्या जावयाला, जॉन पास्टनला, पत्र लिहिलं: शुक्रवारी संत व्हॅलेंटाइनचा दिवस आहे आणि प्रत्येक पक्षी आपला जोडीदार निवडतो, तर तुम्ही या. चॉसरचेच पक्षी! त्याच महिन्यात तिची मुलगी मार्जरी हिनेही जॉनला लिहिलं आणि त्याला आपला लाडका व्हॅलेंटाइन म्हटलं. अडचण हुंड्याची होती. वडील ठरलेल्यापेक्षा जास्त द्यायला तयार नव्हते, आईने खूप रदबदली केली तरी आकडा वाढला नव्हता. तुमचं माझ्यावर खरंच प्रेम असेल तर एवढ्यावरून मला सोडणार नाही, असं ती लिहिते. त्याच वर्षी त्यांचं लग्न झालं. इंग्रजीतलं सर्वांत जुनं ज्ञात व्हॅलेंटाइनपत्र म्हणून ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. जेलरच्या मुलीच्या काल्पनिक चिठ्ठीपेक्षा हे पत्र मला कितीतरी जवळचं वाटतं. वरातीआधीची अशी बोलणी आपल्याकडच्या किती घरांनी पाहिली आहेत.

"कार्ड कंपन्यांनी काढलेला दिवस" हे याच पत्रामुळे खोटं ठरतं. कंपन्यांनी धंदा वाढवला, तोही नंतर: 1840 मध्ये ब्रिटनमध्ये एका पेनीत टपाल जाऊ लागलं, त्याच दशकात अमेरिकेत एस्थर हाउलँड या तरुणीने लेस लावलेली कार्डं विकायला सुरुवात केली. आपल्याकडे कार्डांच्या दुकानांतून आणि टीव्हीवरून हे रुजलं ते 1990 नंतर.

राहिली ती शेवटची ओळ, की 14 फेब्रुवारीला भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांना फाशी झाली किंवा फाशीची शिक्षा सुनावली गेली. दोन्ही खोटं आहे. शिक्षा सुनावली गेली 7 ऑक्टोबर 1930 रोजी. लाहोरच्या तुरुंगात तिघांना फाशी दिली गेली 23 मार्च 1931 च्या संध्याकाळी. शिवराम हरी राजगुरू पुणे जिल्ह्यातल्या खेडचे, त्या गावाला आता राजगुरुनगर म्हणतात. आपल्या मातीतल्या हुतात्म्याची तारीख दुसऱ्या एका दिवसाला विरोध करायचा म्हणून बदलणं हा त्यांचा अपमान आहे. हा मजकूर कुणी पाठवला तर त्याला या दोन तारखा कळवा, आणि त्याने तो आणखी कुठल्या ग्रुपवर टाकला असेल तर तिथेही.