लो-फ्लोअर बस, लंडन आणि आत्याचे गुडघे

कोल्हापुरात कसबा बावड्यातून सीपीआर या सरकारी दवाखान्यात जायचं तर माझी आत्या केएमटीनं, म्हणजे महापालिकेच्या बसनं जाते. दोन्ही गुडघे गेलेत, तरी रिक्षाला पैसे घालायचे नाहीत हा तिचा हट्ट. नव्या लो-फ्लोअर, म्हणजे आतली जमीन खाली आणि दारात पायऱ्या नसलेल्या, बसची चर्चा निघाली की 'लो-फ्लोअर बसची पोलखोल' नावाचा एक मेसेज फिरायला लागतो. परवा तो तिनंच मला पाठवला, वर लिहिलेलं, "वाच, बरं झालं असल्या गाड्या आपल्याकडं नकोत." दुसऱ्या कुणी पाठवला असता तर पुसून टाकला असता.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. मर्सिडीजची सिटारो ही नावाजलेली लो-फ्लोअर बस लंडननं आग लागते म्हणून हाकलली, मग माल्टानंही हाकलली. आपल्या स्पीडब्रेकरवर ती घासणार, पुरात बुडणार. बसायला जागा कमी, शिवाय मागं पायऱ्या आहेतच. किंमत जास्त. आणि शेवटचा कळस: पायऱ्या चढल्यानं वयस्कर लोकांच्या गुडघ्यांना व्यायाम होतो, ज्यांना जमत नाही त्यांनी रिक्षा करावी.

आधी हा व्यायामच घेऊ, कारण बाकीचं अज्ञान आहे, हा निगरगट्टपणा आहे. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या 2013 च्या शहरी बसच्या निकषांत फलाटाच्या, म्हणजे बसच्या आतल्या जमिनीच्या, उंचीचे प्रकार दिलेत: 400, 650 आणि 900 मिलिमीटर. 900 म्हणजे जवळजवळ तीन फूट, तेही दांडा धरून, मागून रेटारेटी चालू असताना, कंडक्टर "चला, चला" म्हणत असताना चढायचे. सिटारोच्या दारात ही उंची साधारण 320 आहे, आणि ड्रायव्हरनं बटण दाबलं की दाराच्या बाजूच्या एअर सस्पेन्शनमधली हवा कमी होऊन गाडी आणखी थोडी झुकते. युरोपात बस फुटपाथला चिकटून थांबते, त्यामुळं ही पायरी जवळजवळ उरतच नाही. आपल्याकडं स्टॉपसमोर रिक्षा आणि टू-व्हीलर उभ्या, बस थांबते रस्त्याच्या मध्यात, म्हणजे चढायचं ते थेट डांबरावरून. खालचा फलाट जितका तिकडं उपयोगी, त्यापेक्षा मिरजकर तिकटीला जास्त उपयोगी आहे! पोर कडेवर घेतलेली बाई, लक्ष्मीपुरीतून पिशव्या घेऊन निघालेला माणूस, सीपीआरमधून पायाला प्लॅस्टर घालून बाहेर पडलेला, हे सगळे व्यायामाला निघालेले नसतात. व्हीलचेअरवाल्याला तर मेसेजनं माणसांत धरलेलंच नाही. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा आहे, त्याचं कलम 41 वाहतूक सुगम करण्याबद्दलच आहे. "रिक्षा करा" हे त्याचं उत्तर होत नाही.

आता लंडन. आगी लागल्या, हे खरं. 2003-04 मध्ये लागल्या आणि त्या गाड्या काही काळ रस्त्यावरून काढल्याही होत्या. पण त्या कुठल्या सिटारो? 18 मीटरच्या, मध्ये सांधा असलेल्या, ज्यांना तिकडं बेंडी बस म्हणायचे. सिटारो 1997 साली आली, आणि तिचे प्रकार ढीगभर आहेत: साधी 12 मीटरची, आखूड, सांध्याची, गॅसवरची, 2018 पासून बॅटरीवरची. बेंडी बस डिसेंबर 2011 पर्यंत गेल्या त्या बोरिस जॉन्सन यांच्या महापौरपदाच्या निवडणुकीतल्या आश्वासनामुळं. तक्रारी होत्या त्या रस्ता अडवण्याच्या, सायकलवाल्यांना होणाऱ्या धोक्याच्या आणि फुकट्या प्रवाशांच्या. फलाट खाली आहे ही तक्रार नव्हतीच. आणि हा मेसेज लिहिणाऱ्यानं जे शोधलंच नाही ते ऐका: 507 आणि 521 या मार्गांवरच्या बेंडी काढून 2009 मध्ये तिथं काय आणलं? सिटारोच. सांध्याशिवायची, 12 मीटरची, तशीच लो-फ्लोअर. 2005 अखेरपर्यंत लंडनची सगळी सिटी बस सेवा लो-फ्लोअर झाली होती, मोजक्या वारसा गाड्या सोडून. हाकलली म्हणे!

माल्टात 2013 च्या ऑगस्टमध्ये जळाल्या त्या ह्याच लंडनच्या जुन्या बेंडी, सेकंडहँड नेलेल्या.

स्पीडब्रेकरचा मुद्दा अर्धा खरा आहे, नाइलाजानं मान्य करतो. पुढच्या आणि मागच्या चाकांबाहेर लांब गेलेला भाग उंचवट्यावर घासू शकतो. पण इंडियन रोड काँग्रेसच्या नियमात (आयआरसी 99) स्पीडब्रेकर 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच, गोलसर असा सांगितलाय. आपल्या गल्लीतली डांबराची ढेकळं त्यात कुठं बसतात? त्यावर मारुती पण घासते. ती काढायची सोडून बस उंच करायची म्हणजे जोडा चावतो म्हणून पाय कापायचा.

पुराचं तर बोलूच नका. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांना गेलं की इशारा, 43 फुटांना धोका. 2019 आणि 2021 ला शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली होता, ट्रक उभे होते. तिथं उंच केएमटी घालून काय करणार होता? आणि गॅसवरच्या सिटारोच्या टाक्या टपावर असतात, बॅटरीवालीच्याही बऱ्याच बॅटऱ्या टपावरच.

जागा कमी होते, बरोबर. चाकांचे उंचवटे आत येतात, मागच्या कोपऱ्यात इंजिन. म्हणूनच एलई (लो-एंट्री) नावाचा प्रकार आहे: पुढच्या आणि मधल्या दारापर्यंत सपाट, त्यामागं पायरी. मेसेजवाल्याला जी फसवणूक वाटली ती ही सोय. आत्यानं पुढं बसावं, कॉलेजच्या पोरांनी मागं चढावं.

किंमत जास्त आहेच. मागचा अ‍ॅक्सल वेगळ्या घडणीचा, एअर सस्पेन्शनची निगा वेगळी, वर्कशॉपच्या लोकांना शिकवावं लागतं. त्यावर वाद घाला, जरूर घाला, पण टेंडरमध्ये दारातली उंची किती लिहिलीय, 400, 650 की 900, ते आधी वाचून या.