‘बोल्ट बसले म्हणजे जुळलं’ म्हणणाऱ्यांना

बुलेटवाल्यांच्या ग्रुपमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: 350 चं कुठलंही हेड (सिलेंडरवरचं झाकण) 350 च्या कुठल्याही पिस्टनवर चालतं, बोल्ट बसले म्हणजे जुळलं. डोमचा, म्हणजे डोक्याला फुगवटा असलेला पिस्टन टाका, हेडला 1 मिमी फेसिंग मारून (घासून) घ्या, 20 हॉर्सपॉवरची गाडी 28 ची होते. मायलेज वाढतं, पेट्रोल साधंच चालतं. पिस्टन वॉल्वला टेकला तर हेडखाली दोन गॅस्केट टाका. आणि सुरुवातीला टकटक आली तर घाबरू नका, नवीन पार्ट बसतायत, 500 किलोमीटरमध्ये आवाज आपोआप जातो.

गेवराईच्या माझ्या भाच्याने हे वाचून किट मागवलं, गावातच बसवून घेतलं, आणि शेवटी इंजिन पोत्यात घालून माझ्या सिलेंडर-बोअरिंगच्या दुकानात आणलं. त्यामुळे आता गप्प बसणं होत नाही.

आधी टकटकीचं बोलू, कारण सगळ्यात जास्त नुकसान तेच वाक्य करतंय. नवीन रिंगा बोअरला बसताना थोडं तेल जळतं, इंजिन जरा जास्त तापतं, पण ठोके ऐकू येत नाहीत. चढावर किंवा डबलसीट असताना अ‍ॅक्सिलरेटर पिळला की येणारी आणि सोडला की थांबणारी टकटक म्हणजे नॉकिंग. प्लगची ठिणगी पडली की आग एका बाजूने सरकत जाते. दाब आणि उष्णता हद्दीबाहेर गेली, तर कोपऱ्यात अजून न पेटलेलं मिश्रण आग पोचायच्या आधीच एकदम भडकतं. त्या दाबाच्या लाटा पिस्टनच्या डोक्यावर आदळतात. धातूला लागून गॅसचा एक पातळ थर असतो, तो धातूला आगीपासून वाचवतो. या लाटा तोच थर उडवून लावतात आणि अ‍ॅल्युमिनियम थेट भाजायला लागतं.

भाच्याच्या गाडीचे दोन्ही प्लग काढून भिंगाखाली धरले. पांढऱ्या चिनीमातीवर चमकदार बारीक ठिपके चिकटले होते. ते पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम. ब्लॉक वर उचलला तर पहिल्या आणि दुसऱ्या रिंगेमधली कड तुकडा पडून निघालेली. तो म्हणाला, “मामा, पण आवाज खरंच गेला होता.” गेला होताच. कड तुटली, रिंगेला आधार राहिला नाही, दाब खाली गळायला लागला, कॉम्प्रेशन पडलं आणि त्याच्यासोबत नॉकिंगही थांबलं. मेसेजमधलं ‘आपोआप जातो’ ते असं खरं ठरतं.

आता ‘बोल्ट बसले म्हणजे जुळलं’. बोल्टांची जागा जुळणं ही सगळ्यात सोपी गोष्ट आहे, कॉपी हेड बनवणारा तेवढं जुळवतोच. खरं जुळवायचं असतं ते हेड आणि पिस्टन यांच्या मध्ये उरणारी जागा. युसीई इंजिनाच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र असलेल्या) बुलेटचा बोअर, म्हणजे सिलेंडरचा व्यास 70 मिमी, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव 90 मिमी, म्हणजे 346 सीसी. कंपनीचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा, 8.5. याचा अर्थ पिस्टन पूर्ण वर आला की वरती साधारण 46 सीसी जागा उरते: 346 भागिले 46, अधिक 1.

भाच्याने बसवलेलंच हेड आणि पिस्टन घेऊन मी जागा मोजली. पिस्टनच्या कडेला ग्रीस लावून गळती बंद केली, हेड कसलं, एक प्लग घट्ट बसवला, दुसऱ्या प्लगचं भोक सगळ्यात वर येईल असं इंजिन तिरकं धरलं आणि मेडिकलमधून आणलेल्या मोठ्या सिरिंजने पातळ तेल सोडत गेलो. प्लगच्या आट्यांमधलं तेल वजा केल्यावर 36 सीसी आले. 346 भागिले 36, अधिक 1, म्हणजे 10.6. हेडला 1 मिमी फेसिंग मारलं की जवळपास 4 सीसी जागा जाते, बाकीची डोमने खाल्ली. हेड विकणाऱ्याला पिस्टन माहीत नव्हता आणि पिस्टन विकणाऱ्याला हेड माहीत नव्हतं. दोघांनी आपापल्या परीने ‘थोडंसंच’ कॉम्प्रेशन वाढवलं आणि दोन्ही थोडंसं एकाच इंजिनात आलं.

28 हॉर्सपॉवरबद्दल. कॉम्प्रेशन वाढलं की ताकद वाढते, हे मान्य करावंच लागेल. पण किती? इंजिनाच्या आदर्श सूत्राने 8.5 वरून 10.6 वर गेल्यास फायदा साधारण 6 टक्के. वीसचे एकवीस. उरलेले सात हॉर्सपॉवर मेसेज लिहिणाऱ्याने कुठून आणले ते त्यालाच माहीत. मायलेजही त्याच 6 टक्क्यांतलं, आणि नॉकिंग टाळायला ठिणगीचं टायमिंग मागे घेतलं, कार्बोरेटरचा जेट मोठा टाकला की तेही हातात राहत नाही.

दोन गॅस्केटचा सल्ला तर मला कळतच नाही. 1 मिमीचं जादा गॅस्केट म्हणजे तीच 4 सीसी जागा परत. आधी पैसे देऊन हेड घासायचं आणि मग तेवढंच गॅस्केट घालून भरून काढायचं, वर गळतीची एक जागा वाढवायची. पिस्टन टेकतोय का, हे गॅस्केट टाकून नाही, मोजून बघायचं असतं. लेकरांची खेळायची माती पिस्टनच्या डोक्यावर वॉल्वच्या जागी दाबा, हेड कसा, क्रँक हाताने सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवा, उघडा, माती ब्लेडने कापा आणि सगळ्यात पातळ जागेची जाडी मोजा. इनटेककडे दीड आणि एक्झॉस्टकडे दोन मिमीच्या खाली आली, तर पिस्टनमधले वॉल्वचे खड्डे खोल करावे लागतात. युसीईला हायड्रॉलिक, म्हणजे आत तेल भरून चालणारे टॅपेट आहेत. त्यात तेल भरलेलं नसेल तर ते दबतात आणि माती खोटं माप देते, एवढं ध्यानात ठेवा. हेड घासलं की पुशरॉड (वॉल्व उघडायला ढकलणारी दांडी) तेवढाच लांब पडतो, त्याचा त्या मेसेजमध्ये शब्दही नाही.

‘कुठलंही 350’ हे तर उघडच चूक. युसीई 70 बाय 90, पुशरॉडचं. नवीन मिटिओर आणि 2021 नंतरची क्लासिक 72 बाय 85.8, वर कॅम असलेलं, रेशो 9.5. टाकीवर आकडा एकच, इंजिनं वेगळी.

पेट्रोलच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे. 20 टक्के इथेनॉलमुळे ऑक्टेन, म्हणजे पेट्रोल नॉकिंगला किती टिकतं तो आकडा, 91 वरून 95 वर गेल्याचं पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट 2025 मध्ये सांगितलंय, आणि इथेनॉल नॉकिंगला टिकतं हेही खरं. पण तो आकडा येतो कुठून ते बघा. 1920 च्या दशकाच्या शेवटी बनलेलं सीएफआर नावाचं एक सिलेंडरचं इंजिन आहे, कॉम्प्रेशन चालू असतानाच कमीजास्त करता येणारं. आजही जगभर ऑक्टेन त्यावरच मोजतात: नॉकिंग येईपर्यंत कॉम्प्रेशन वाढवायचं. म्हणजे प्रत्येक पेट्रोलला कॉम्प्रेशनची हद्द असते, ही गोष्ट ऑक्टेनच्या व्याख्येतच आहे. ‘साधंच चालतं’ हे म्हणणं तिथेच संपतं. शिवाय आपल्याकडे सांगतात तो आकडा रिसर्च ऑक्टेन, 600 आरपीएमवरच्या सौम्य चाचणीचा. दुसरी, मोटर ऑक्टेनची चाचणी 900 आरपीएमवर आणि मिश्रण 149 अंशांपर्यंत तापवून करतात, तिथे तेच पेट्रोल कमी भरतं. मे महिन्यात परभणीत पारा बऱ्याचदा 42 च्या वर जातो. हवेवर थंड होणारं इंजिन, डबलसीट, कन्नडचा औट्रम घाट. आपली गाडी दुसऱ्या चाचणीच्या जवळ चालते. त्यात कार्बोरेटरच्या जुन्या गाडीला इथेनॉलने मिश्रण पातळ मिळतं, म्हणजे उष्णता आणखी.

कायद्याचं एका ओळीत: मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचा, नोंदणीतले तपशील कंपनीने मूळ दिलेल्यापेक्षा वेगळे होतील असा बदल गाडीत करता येत नाही आणि अपघात झाला तर विमावाला तेच पुढे करू शकतो.

आपल्याकडे वाळूजच्या कारखान्यांमध्ये मायक्रोमीटर धरून नोकरी केलेली माणसं गावोगावी आहेत. किट घेतलंच असेल तर अशा एकाला गाठा आणि बसवण्याआधी जागा मोजून घ्या. विकणाऱ्याला हेडच्या चेंबरचे सीसी, पिस्टनच्या डोमचे सीसी, पिनपासून डोक्यापर्यंतची उंची आणि गॅस्केटची जाडी विचारा. यातला एक आकडा जरी त्याच्याकडे नसला तरी पार्ट परत करा. आणि गाडी आधीच चालू झाली असेल, चढावर टकटक येत असेल, तर 500 किलोमीटर पूर्ण करायला जाऊ नका. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, गिअर खाली घ्या, घरी पोचल्यावर प्लग काढून उजेडात धरा. ठिपके दिसले तर त्या इंजिनाला पुन्हा किक मारू नका.